विषाणू पेशीत शिरताना पेशीचेच संकेत कसे वापरतो, आणि ते प्रयोगात सिद्ध कसं करायचं

प्रश्न दोन भागांत आहे. पाठ्यपुस्तकात "विषाणू रिसेप्टरला चिकटतो आणि पेशी त्याला आत घेते" एवढंच दिलेलं असतं. मग शोधनिबंधांत जागोजागी दिसणारे कायनेज (इतर रेणूंवर फॉस्फेट लावणारी एन्झाइम), रॅक आणि रो (पेशीचा सांगाडा हलवणारी स्विचसारखी प्रथिनं), पीआय३के (मेदावर फॉस्फेट लावणारा कायनेज) हे सगळे प्रवेशाच्या वेळी नेमकं काय करतात? आणि दुसरा भाग: एखाद्या कायनेजचा इनहिबिटर, म्हणजे त्याला रोखणारं औषध, टाकल्यावर २४ तासांनी संसर्ग कमी दिसला, तर तो कायनेज प्रवेशासाठी लागतो असं म्हणता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही, तेवढ्यावरून म्हणता येत नाही. कारणं पुढे येतील. पहिल्या भागाला जरा वेळ द्यावा लागेल, कारण प्रत्येक विषाणूत संकेताचं काम वेगळं असतं आणि ते काम कोणतं हे कळल्याशिवाय प्रयोगही नीट आखता येत नाही.

सुरुवातीला कुलूप-किल्लीचं चित्र बाजूला ठेवा. रिसेप्टर विषाणूसाठी बनलेला नसतो. कॉक्सॅकी आणि ॲडेनो विषाणू ज्याला धरतात तो सीएआर हा शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणारा रेणू आहे. सीडी५५ पेशीला स्वतःच्याच कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या प्रतिकार-यंत्रणेपासून वाचवतो. जीएम१ हा तर साखर लागलेला मेद. हे रेणू पेशीला जिथे हवेत तिथे असतात. त्यामुळे विषाणू चिकटला तरी त्याचं काम तिथे संपत नाही. आत नेणारा रिसेप्टर बहुधा दुसरीकडेच असतो; पेशीपटलाच्या खाली ॲक्टिन या तंतुमय प्रथिनाचं दाट जाळं असतं; आणि पेशी नेहमी बनवते त्या क्लॅथ्रिन प्रथिनाने मढलेल्या पुटिका साधारण ६० ते १२० नॅनोमीटरच्या असतात, त्यात मोठा विषाणू मावत नाही. या अडचणी सोडवायला पेशीची यंत्रणा हलवावी लागते, आणि तिला हलवतात ते संकेत.

संकेत सुरू होतो तो बहुतेक वेळा रिसेप्टर एकत्र गोळा झाल्यामुळे. ईजीएफआरसारखी (ईजीएफ या वाढ-घटकाचा रिसेप्टर) टायरोसीन कायनेज जोडीने जवळ आली की एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात. इंटिग्रिनांचा (पेशीला भोवतालाशी बांधणाऱ्या रिसेप्टरांचा) पुंजका झाला की आतल्या बाजूला एफएके आणि एसआरसी ही कायनेज जमतात. विषाणूच्या पृष्ठभागावर एकच प्रथिन ठरावीक अंतरांवर अनेक वेळा मांडलेलं असतं, म्हणून रिसेप्टर गोळा करायला तो अगदी योग्य असतो. एसव्ही४० या माकडांच्या विषाणूच्या कणावर व्हीपी१ प्रथिनाची ७२ पंचकं, म्हणजे ३६० प्रती असतात. इन्फ्लुएन्झाच्या हीमॅग्लुटिनिन या पकडीच्या प्रथिनाच्या एका प्रतीची सायलिक आम्लावरची पकड मिलिमोलर टप्प्यातली, म्हणजे फारच ढिली असते. पण एका कणावर असे शेकडो त्रिक असल्यामुळे कण सुटत नाही, आणि चिकटल्या जागी साखर लागलेली प्रथिनं गोळा होत जातात. त्यात ईजीएफआरही येतो, मग पीआय३के जागा होतो आणि आत घेण्याचा वेग वाढतो.

यातून प्रयोगासाठी एक गोष्ट लगेच निघते. सुटं, विरघळलेलं विषाणू-प्रथिन टाकून मिळालेला संकेत आणि अख्ख्या कणाने दिलेला संकेत एक धरू नका. एचआयव्हीच्या स्पाइकमधलं जीपी१२० हे प्रथिन भरपूर प्रमाणात टाकलं तर पेशीवरचे सगळेच रिसेप्टर व्यापले जातात. प्रत्यक्षात एचआयव्हीच्या कणावर स्पाइक मोजकेच, साधारण डझनभर असतात आणि पेशीवर बसलेले कणही थोडेच असतात.

आता एक उदाहरण जवळून पाहू, कारण संकेत का लागतो हे इथे सर्वात स्वच्छ दिसतं. कॉक्सॅकी बी३ हा साधारण ३० नॅनोमीटरचा, आवरण नसलेला विषाणू. आतड्याच्या एपिथेलियल पेशी ध्रुवीय असतात: पोकळीकडची बाजू वेगळी, खालची बाजू वेगळी, आणि दोन पेशींमध्ये टाइट जंक्शन. विषाणू येतो पोकळीकडून. कॅप्सिड, म्हणजे विषाणूचं प्रथिनकवच, उघडायला लावणारा सीएआर मात्र बसलेला असतो जंक्शनमध्ये, जिथे बाहेरून थेट पोहोचता येत नाही. पोकळीच्या बाजूला भरपूर असतो सीडी५५. तो मेदाच्या नांगराने पटलाच्या बाहेरच्या थरात अडकलेला असतो, पेशीच्या आत त्याची शेपटी जात नाही. विषाणू सीडी५५ ला धरतो आणि त्याचे पुंजके होतात. त्यामुळे आत एबल कायनेज चालू होतो, एबलमुळे रॅक, रॅकमुळे ॲक्टिनची फेररचना, आणि त्या जोरावर सीडी५५ ला चिकटलेला विषाणू सरकत जंक्शनपर्यंत पोहोचतो. तिथे सीएआर भेटला की कॅप्सिडची रचना बदलते. हा बदल झाल्याशिवाय आरएनए बाहेर पडत नाही. याच सीडी५५ च्या पुंजक्यातून दुसरा संकेतही निघतो: फिन कायनेज चालू होतो, तो केव्हिओलिनवर (पटलावरचे केव्हिओला नावाचे खळगे घडवणाऱ्या प्रथिनावर) फॉस्फेट लावतो आणि विषाणू जंक्शनमधून पुटिकेत आत जातो. हे काम कोयन आणि बर्गेलसन यांनी २००६ मध्ये दाखवलं.

यात लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की दोन संकेतांची कामं वेगळी आहेत. एबल रोखला तर विषाणू पोकळीच्या बाजूलाच पसरलेला राहतो. फिन रोखला तर तो जंक्शनपर्यंत जातो, कॅप्सिडही बदलतं, पण आत जात नाही. दोन्ही वेळा २४ तासांनंतरचा आकडा सारखाच: संसर्ग कमी. फरक दिसतो तो मायक्रोस्कोपखाली, विषाणू कुठे अडकलाय हे पाहिल्यावर. आणि हीच चाचणी हेला पेशींत केली तर एबलचं महत्त्व जवळपास दिसणारच नाही, कारण त्या ध्रुवीय नाहीत. सीएआर उघडाच असतो, सरकत जायची गरज पडत नाही. संकेताची गरज पेशीच्या रचनेतून येते. विषाणू तोच असला तरी पेशी बदलली की गरज बदलते.

ॲडेनोविषाणूत, विशेषतः प्रकार २ आणि ५ मध्ये, दोन रिसेप्टरांची कामं वाटून घेतलेली असतात. कणाच्या १२ कोपऱ्यांतून निघालेले फायबर सीएआर धरतात. ही फक्त पकड. प्रत्येक कोपऱ्याच्या पायथ्याशी पेंटॉन बेस असतो, त्यावर आर्जिनीन-ग्लायसीन-ॲस्पार्टिक आम्ल ही तिकडी पाच वेळा असते आणि ती अल्फा-व्ही बीटा-३ किंवा बीटा-५ इंटिग्रिन धरते. आत नेण्याचा संकेत इथून निघतो: पीआय३के, रॅक, सीडीसी४२, ॲक्टिन. ही तिकडी म्युटेशनने काढली तरी विषाणू पेशीला चिकटतो आणि संसर्गही करतो, पण आत जायला बराच जास्त वेळ घेतो. म्हणजे इथे संकेत प्रवेशाला वेग देतो, संसर्ग होणार की नाही हे एकटा ठरवत नाही. शिवाय हे दोन रिसेप्टर वेगवेगळ्या चालीने वागतात. सीएआर पटलावर वाहता असतो, इंटिग्रिन जागेवर रोखलेलं. दोघांना धरलेल्या कणावर ताण येतो, फायबर निखळतात आणि कॅप्सिड सैल व्हायला सुरुवात होते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे पेशीचं यांत्रिक बळच कण उघडायला वापरलं जातं, आणि फक्त फॉस्फोप्रथिनांचे पट्टे मोजणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

एसव्ही४० पुढे वेगळाच पेच आहे. त्याचा रिसेप्टर जीएम१, म्हणजे फक्त पटलाच्या बाहेरच्या थरातला मेद. आतली बाजू त्याला नाहीच. तरी विषाणू चिकटल्यावर आत टायरोसीन फॉस्फोरिलेशन होतं, जवळचं ॲक्टिन विस्कटतं आणि पुन्हा जुळतं, पुटिका पटलापासून तोडणारं डायनॅमिन येऊन जातं. हे कसं? उत्तराचा एक भाग भौतिक आहे. एक पंचक पाच जीएम१ धरू शकतं. कण बसला की त्याच्याभोवती जीएम१ दाटतात आणि पटल कणाच्या वक्रतेनुसार वाकू लागतं. यासाठी जीएम१ च्या मेदशेपट्या लांब असाव्या लागतात. लांब शेपटीचे रेणू दाटले की आतल्या थरावरही परिणाम होतो आणि तिथे एसआरसी घराण्याची कायनेज जमू शकतात. पेशीची ऊर्जा काढून घेतली तरी खळगे बनतात, उलट खोल नळ्या होतात. पण त्या तुटून पुटिका होत नाही. वाकवणं विषाणू स्वतः करतो, तोडणं पेशीच्या संकेतावर सोडलेलं आहे. केव्हिओलिन नसलेल्या पेशीतही हा विषाणू शिरतो, डायनॅमिनशिवाय, दुसऱ्या मेदमार्गाने. म्हणून "एसव्ही४० केव्हिओलातून जातो" हे वाक्य अर्धंच खरं आहे.

मोठ्या विषाणूंना मॅक्रोपिनोसायटोसिस, म्हणजे पेशीने बाहेरचा द्रव मोठ्या घोटांनी गिळणं, सोयीचं पडतं. व्हॅक्सिनियाचा कण साडेतीनशे नॅनोमीटरच्या आसपास लांब असतो, तो क्लॅथ्रिनच्या पुटिकेत जाणार नाही. त्याच्या आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद असतो. मरणाऱ्या पेशी हाच मेद बाहेर दाखवतात आणि शेजारच्या पेशी त्यांचे तुकडे गिळतात. व्हॅक्सिनियाचा परिपक्व कण पेशीच्या लांब तंतूंवरून सरकत धडापर्यंत येतो, मग पीएके१ हा कायनेज चालू होतो, पटलावर मोठा फुगा उठतो, आणि तो आक्रसताना कण द्रवासकट आत ओढला जातो. मर्सर आणि हेलेनियस यांनी २००८ मध्ये हे दाखवलं तेव्हा पुरावा भक्कम होता, कारण त्यांनी मेद काढून टाकला तर संसर्ग पडला आणि फॉस्फॅटिडिलसेरीन परत दिल्यावर तो परत आला. मात्र व्हॅक्सिनियाच्या सगळ्या जाती फुगे उठवत नाहीत. काही जाती तंतूंच्या मार्गाने आत जातात. इबोलाही फॉस्फॅटिडिलसेरीन आणि मॅक्रोपिनोसायटोसिस वापरतो, पण त्याचा खरा रिसेप्टर एनपीसी१ आत, एन्डोसोमच्या (आत घेतलेला माल नेणाऱ्या आम्लयुक्त पुटिकेच्या) भिंतीवर असतो. त्याआधी कॅथेप्सिन या प्रथिनपाचकाने विषाणूचं ग्लायकोप्रथिन छाटावं लागतं. इथे पृष्ठभागावरचा संकेत कणाला फक्त योग्य पुटिकेपर्यंत नेतो.

हिपॅटायटिस सी मध्ये संकेताचं काम आणखी वेगळं. ईजीएफआर किंवा एफ-ए२ (EphA2, आणखी एक टायरोसीन कायनेज) हे या विषाणूचे थेट पकडीचे रिसेप्टर म्हणून ओळखले जात नाहीत. सीडी८१ आणि क्लॉडिन-१ हे दोन सह-रिसेप्टर एकमेकांपाशी यायला हवेत, आणि ते येण्यासाठी ईजीएफआरचा संकेत, एचरास या स्विचसारख्या प्रथिनामार्फत, चालू असावा लागतो. २०११ मध्ये लुपबर्गर आणि सहकाऱ्यांनी अर्लोटिनिब या कर्करोगावरच्या औषधाने हा प्रवेश रोखून दाखवला, पेशींत आणि मानवी यकृतपेशी बसवलेल्या उंदरांतही. विषाणू ज्याला स्पर्शही करत नाही असा संकेतमार्ग त्याच्या प्रवेशाला आवश्यक असू शकतो, हे यातून घ्यायचं.

याच्या उलट बाजूला एचआयव्ही. सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ हे जी-प्रथिनाशी जोडलेले रिसेप्टर आहेत आणि विषाणूने त्यांना धरल्यावर आत संकेत जातो, यात शंका नाही. पण संकेत देऊ न शकणारे म्युटंट सह-रिसेप्टर वापरले तरी विषाणूचं आणि पेशीचं पटल एकजीव होतं आणि सक्रिय पेशींत संसर्ग होतो. म्हणजे संकेत दिसतो, पण प्रवेशाला लागत नाही. विश्रांत सीडी४ टी-पेशींत मात्र गोष्ट बदलते. त्यांच्या पटलाखालचं ॲक्टिन फारसं हलत नाही. तिथे सीएक्ससीआर४ मधून गेलेला जीआय (एका जी-प्रथिनाचा) संकेत ॲक्टिनचे तंतू तोडणारं कोफिलिन चालू करतो, ॲक्टिन सुटं होतं आणि विषाणूचा गाभा केंद्रकाकडे जाऊ शकतो; पर्टुसिस टॉक्सिनने जीआय बंद केला तर हे थांबतं. हे काम पटल एकजीव झाल्यानंतरचं आहे, म्हणून त्याला काटेकोरपणे "प्रवेश" म्हणायचं का यावर मतभेद होऊ शकतात. मॅराव्हिरॉक २००७ पासून उपचारात आहे. ते सीसीआर५ ची घडी अशी बदलतं की जीपी१२० ला पकड मिळत नाही. त्याचा विषाणूवरचा परिणाम संकेत रोखून होत नाही.

आता प्रयोग.

समजा तुमच्याकडे इनहिबिटर टाकल्यावर ल्युसिफरेज (विषाणूच्या जीनोमवरून बनणारं, संसर्ग मोजायचं प्रकाश देणारं प्रथिन) ८० टक्क्यांनी पडलंय. हा आकडा चिकटणं, आत घेणं, पटल फुटणं, जीनोम पोहोचणं, प्रतिलेखन, भाषांतर आणि पेशीचं आरोग्य या सगळ्यांची बेरीज आहे. पीआय३के आणि ईआरके हे मार्ग भाषांतरालाही लागतात, त्यामुळे ल्युसिफरेज पडायला प्रवेश अडायची गरजच नाही. सर्वात स्वस्त तपासणी म्हणजे इनहिबिटर टाकण्याची वेळ बदलणं: एकदा विषाणूच्या अर्धा तास आधी, एकदा सोबत, मग १ तास, २ तास, ४ तासांनी. प्रवेशावरचाच परिणाम असेल तर विषाणू आत गेल्यानंतर टाकलेलं औषध निष्प्रभ ठरायला हवं. ४ तासांनी टाकूनही तेवढीच घट दिसली तर प्रवेशाची गोष्ट सोडून द्या. मात्र वेळेचा हिशेब विषाणूनुसार लावा. ॲडेनोविषाणू साधारण १५ मिनिटांत एन्डोसोम फोडतो. एचपीव्ही कित्येक तास पृष्ठभागावर आणि एन्डोसोममध्ये रेंगाळतो, त्याला ४ तासांची मर्यादा लावली तर निष्कर्ष चुकेल.

त्यानंतर टप्पे सुटे करा. विषाणू ४ अंशांना तासभर चिकटू द्या, थंड बफरने तीनदा धुवा, इथे आरएनए किंवा डीएनए मोजलं तर चिकटणं कळतं. मग ३७ अंशांवर न्या आणि ठरावीक वेळी बाहेर राहिलेले कण ट्रिप्सिनने, किंवा त्या विषाणूला चालेल अशा प्रथिनपाचकाने काढून टाका; उरलेलं ते आत गेलेलं. आत गेलेला कण पेशीद्रवात पोहोचला का हे वेगळं पाहावं लागतं. आवरण असलेल्या विषाणूंसाठी बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम व्हीपीआर या एचआयव्हीच्या प्रथिनाला जोडून, कणात भरून केलेली चाचणी चांगली आहे: कण पेशीद्रवात उघडला तरच रंगद्रव्य तुटतं आणि पेशी हिरव्याची निळी होते.

आम्लतेवर चालणाऱ्या विषाणूंसाठी आणखी एक सरळ युक्ती आहे. चिकटलेल्या कणांना काही मिनिटं पीएच ५ च्या कोमट माध्यमात ठेवलं की ते पेशीपटलाशीच एकजीव होतात, एन्डोसोमची गरज उरत नाही. त्यानंतर नेहमीचा मार्ग अमोनियम क्लोराइडने बंद ठेवायचा. इनहिबिटर इथेही संसर्ग रोखत असेल तर त्याचं काम पुढच्या टप्प्यात आहे. काही पेशींत, उदाहरणार्थ सेमलिकी फॉरेस्ट विषाणू आणि सीएचओ पेशी, असा शॉर्टकट केल्यावर गाभा पटलाखालीच अडकतो, म्हणून इनहिबिटर नसलेल्या थाळीत संसर्ग नीट होतोय याची खात्री आधी करा. इबोलाला ही युक्ती लागू नाही, त्याला छाटणी आणि एनपीसी१ दोन्ही हवेत.

संकेत मोजताना सर्वाधिक घोटाळे होतात ते तुलनेच्या थाळीत. विषाणूचा साठा संसर्ग झालेल्या पेशींच्या माध्यमातून आलेला असतो. त्यात सायटोकाइन, वाढ-घटक, पेशींचे तुकडे सगळं असतं आणि त्यांनीही ईआरके आणि एकेटी ही कायनेज चालू होतात. तुलनेला साधं माध्यम घेतलं तर विषाणूने संकेत दिला असं वाटतं. म्हणून साठा सुक्रोज किंवा आयोडिक्झॅनॉलच्या थरांवर शुद्ध करा, आणि संसर्ग नसलेल्या पेशींचं माध्यम अगदी त्याच पद्धतीने शुद्ध करून तुलनेच्या थाळीत टाका. रिसेप्टरला धरणारं अँटिबॉडी देऊन विषाणूचा संकेत नाहीसा होतो का हेही पाहा, पण पुंजके करणारं अँटिबॉडी स्वतःच संकेत देतं. शक्य असेल तर एकभुजी फॅब तुकडा वापरा.

पेशी आदल्या रात्रीपासून, १२ ते १६ तास, सीरमशिवाय ठेवा. नाहीतर पार्श्वभूमीच इतकी उंच असते की विषाणूचा हलका संकेत त्यात बुडतो. थंडीतून ३७ अंशांवर नेणं हाच पेशीला ताण आहे आणि त्याने पी३८ हा ताणाचा कायनेज चालू होतो, म्हणून प्रत्येक वेळेच्या बिंदूला विषाणू नसलेली वेगळी थाळी हवी. शून्य मिनिटाची एकच थाळी पुरत नाही. बिंदू २, ५, १०, १५, ३० आणि ६० मिनिटं असे घ्या. रिसेप्टरवरचं फॉस्फोरिलेशन पहिल्या काही मिनिटांत येतं आणि जातं, थेट ३० मिनिटांपासून सुरुवात केली तर ते निसटतं. सोबत एक थाळी ईजीएफची ठेवा, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, ५ मिनिटं. तिच्यात पट्टा दिसला नाही तर अँटिबॉडी किंवा लायसेट बिघडलंय.

लायसिस, म्हणजे पेशी फोडणं, बर्फावर, आणि बफरमध्ये १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनॅडेट व १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड. ऑर्थोव्हॅनॅडेट आधी सक्रिय करावं लागतं: पीएच १० ला आणायचं, द्रावण पिवळं होतं, रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करून पीएच पुन्हा १० ला आणायचा आणि हेच द्रावण रंगहीन राहीपर्यंत करायचं. हे टाळलं तर टायरोसीन फॉस्फटेज चालूच राहतात आणि पट्टे निम्म्यावर येतात. प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला दुधाऐवजी बीएसए घ्या. दुधातलं केसीन स्वतः फॉस्फोप्रथिन आहे. आणि फॉस्फो-पट्टा त्याच प्रथिनाच्या एकूण पट्ट्याशी ताडा, ॲक्टिनशी नव्हे.

इनहिबिटरांवर विश्वास बेतानेच ठेवा. एलवाय२९४००२ हे पीआय३के रोखणारं औषध नेहमीच्या ५० मायक्रोमोलरला पीआय३के सोबत एमटॉर आणि केसीन कायनेज २ ही दाबतं. एलवाय३०३५११ हा त्याचाच पीआय३केला न लागणारा भाऊ सोबत चालवा. वॉर्टमॅनिन जास्त नेमका, पण पाण्यात टिकत नाही, लांबच्या प्रयोगात दर काही तासांनी बदलावा लागतो. एसआरसी घराणं रोखणाऱ्या पीपी२ सोबत त्याचा निष्क्रिय भाऊ पीपी३ चालवा. ईआयपीए मॅक्रोपिनोसायटोसिससाठी सगळेच वापरतात, पण ते एन्डोसोमच्या आम्लतेतही ढवळाढवळ करतं, त्यामुळे आम्लावर चालणाऱ्या विषाणूत त्याचा अर्थ लावणं कठीण. डायनॅमिन रोखणारं डायनॅसोर (dynasore) हे औषध डायनॅमिनखेरीज कोलेस्टेरॉल आणि ॲक्टिनवरही परिणाम करतं. मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल काढलं की केव्हिओलाच नाही, क्लॅथ्रिनचे खळगेही बिघडतात. केवळ त्यावरून "केव्हिओला मार्ग" लिहिलेले निबंध मी बाजूला ठेवण्याचा सल्ला देईन. प्रत्येक औषधासोबत त्या-त्या मार्गाने नेहमी आत जाणाऱ्या मालाची तपासणी करा: ट्रान्सफेरिन क्लॅथ्रिनसाठी, ७० किलोडाल्टनचा डेक्स्ट्रान मॅक्रोपिनोसायटोसिससाठी. औषधाने दोन्ही अडले तर ते नेमकं नाही.

सर्वात पटणारा पुरावा म्हणजे बचाव. एबल रोखणाऱ्या इमॅटिनिबने संसर्ग पडला, आणि टी३१५आय बदल असलेला, इमॅटिनिबला न जुमानणारा एबल पेशीत घातल्यावर तो परत आला, तर एबलबद्दल फारशी शंका उरत नाही. एसआयआरएनए (जनुकाचा संदेश नष्ट करणारे छोटे आरएनए) वापरत असाल तर किमान दोन वेगळे क्रम आणि त्यांना न लागणारी सीडीएनए घालून बचाव. क्रिस्परने जनुक काढताना लक्षात ठेवा की एसआरसी घराण्यात सदस्य बरेच आहेत; एकाला काढलं की दुसरा जागा भरतो आणि निकाल रिकामा येतो. हा निकाल "कायनेज लागत नाही" असा वाचू नका.

कणाची मात्रा कमी ठेवा. पेशीमागे शंभर कण टाकले की संकेत सुंदर दिसतो, पण काही विषाणूंत शंभरात एखादाच कण खरा संसर्ग करतो. चमकणारे कण जिथे जाताना दिसतात तो बहुसंख्य वाया गेलेल्यांचा मार्ग असू शकतो. अतिनील किरणांनी जीनोम मारलेला कण मात्र उपयोगी पडतो: त्यानेही तोच संकेत दिला तर संकेत प्रवेशाच्या वेळचा आहे, नव्या विषाणू-प्रथिनांमुळे आलेला नाही.

स्यूडोटाइप, म्हणजे एका विषाणूच्या गाभ्यावर दुसऱ्याचं पृष्ठप्रथिन बसवलेले कण, सोयीचे आणि सुरक्षित आहेत, पण त्यांचा आकार आणि स्पाइकची दाटी मूळ विषाणूसारखी नसते. आकाराने मार्ग बदलतो याचं नेटकं उदाहरण व्हीएसव्हीचं (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूचं) आहे. १८० नॅनोमीटर लांबीचा पूर्ण कण क्लॅथ्रिनच्या खळग्यात अर्धवट झाकला जातो आणि आत जायला ॲक्टिनची मदत लागते. त्याचाच ७५ नॅनोमीटरचा अपुरा कण ॲक्टिनशिवाय जातो. पृष्ठभागावरचं प्रथिन दोघांत तेच. इबोलाचं ग्लायकोप्रथिन व्हीएसव्हीच्या गाभ्यावर बसवून मिळालेला मार्ग लांब तंतूसारख्या खऱ्या इबोलाला जसाच्या तसा लावता येत नाही तो यामुळे.

पेशीची निवड चुकली तर काय होतं ते २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सार्स-कोव्ह-२ व्हेरो पेशींत एन्डोसोममधून, कॅथेप्सिन एल च्या मदतीने शिरतो. क्लोरोक्विनने एन्डोसोमची आम्लता कमी केली की तिथे संसर्ग थांबतो. फुप्फुसाच्या काल्यू-३ पेशींत टीएमपीआरएसएस२ हे प्रथिनपाचक पृष्ठभागाजवळच स्पाइक छाटतं, एन्डोसोमच्या आम्लतेची गरजच पडत नाही, आणि तिथे क्लोरोक्विन निरुपयोगी ठरलं. काको-२ पेशींत दोन्ही मार्ग चालू असतात: तिथे नुसतं कॅमोस्टॅट (टीएमपीआरएसएस२ रोखणारं औषध) अर्धवट रोखतं, आणि सोबत कॅथेप्सिन रोखणारं ई-६४डी दिल्यावरच प्रवेश पूर्ण बंद होतो. म्हणून तुमच्या कायनेजचा निकाल लिहिताना पेशी कोणती, ती ध्रुवीय होती का, विश्रांत की सक्रिय, आणि त्या विषाणूला लागणारी प्रथिनपाचकं तिच्यात आहेत का, हे पहिल्याच आकृतीत द्या. आणि निदान एका प्राथमिक मानवी पेशीत, विषाणू नैसर्गिकरीत्या जिला गाठतो तिच्यात, इनहिबिटर टाकण्याच्या वेळा बदलून केलेला प्रयोग पुन्हा करून दाखवा.